सुर्ल्याच्या सड्यावरून म्हादईच्या पात्रात

म्हादई उगम पावते कर्नाटकात, खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ. पण तिच्या २,०३२ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी १,५८० गोव्यात येतं. आम्ही ते वरून खाली पाहिलं, तुम्हीही तसंच पाहा.

सकाळी चोर्ला घाटातून सुर्ल्याचा सडा, म्हणजे वरचं सपाट खडकाळ पठार, गाठलं. पायाखाली जांभा, त्याखाली दख्खनचा काळा बसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गोव्यात तो या ईशान्य कोपऱ्यातच भेटतो. बाकीचा बराचसा खडक अडीचशे कोटी वर्षांच्याही पलीकडचा. सड्याची कड संपते तिथून सुर्ल्याचा ओढा सरळ दरीत कोसळतो. बूट जाड तळाचे घाला. फुटक्या बाटल्यांचा खच पाहून चीड येते.

खरा खजिना मात्र वाळपईच्या पुढे, उस्ते-सोनाळकडच्या पात्रात. पाणी ओसरलं की गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. मूठभर उचला: बारीक छिद्रांत पांढरं खनिज भरलेला काळा गोटा सड्यावरून आलेला; नखाने पापुद्रे सुटतील असा करडा तुकडा फायलाइटचा, म्हणजे दाब-उष्णतेने बदललेल्या जुन्या चिखलाच्या खडकाचा; दुधी गारगोटी त्याच जुन्या खडकातल्या शिरांमधली. लालसर, ठिसूळ तो जांभा, पण तो फार लांबचा प्रवास टिकत नाही. पात्रातला जुना खडक तिरपा उभा आहे, थर साधारण वायव्य-आग्नेय दिशेने धावतात. भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी त्यात रांजणखळगे कोरलेत. एकात माझा हात कोपरापर्यंत गेला, तळाशी तो गोटा अजून होता.

नोव्हेंबर ते जानेवारी जा. पावसाळ्यात पात्राजवळ फिरकू नका. "इथं ऊन आहे म्हणून उतरू नका भाऊ, वर पाऊस पडला की पाणी सांगून येत नाही," असं तिथल्या एका काकांनी बजावलं, आणि ते अगदी खरं आहे. बराच भाग म्हादई अभयारण्यात येतो, तेव्हा धबधब्यांकडे जायचं तर आधी वन खात्याची परवानगी काढा. दगड उचलून पाहा, पण तिथेच ठेवा. पेट्रोल आणि जेवण वाळपईतच उरका, पुढे मोबाईलची रेंज बेभरवशाची. बसनेही जमतं, पण वाळपईहून आतल्या गावांना गाड्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ कंडक्टरलाच विचारून ठेवा. वेळ उरलाच तर गांजेपर्यंत उतरा: भरतीचा जोर समुद्राकडून तिथपर्यंत पोचतो.