तुम्ही विचारलंत म्हणून : शाळा बंद होती तेव्हा पोरं कशी धरून ठेवली?

प्रशिक्षणाला गेलं की कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, कोरोनात तुमची पोरं शाळेपासून तुटली नाहीत म्हणे. कसं जमवलासा?" गावात हाच प्रश्न वेगळा होऊन येतो : "शाळा बंद, पगार चालू. दीड वर्ष काय केलासा वो बाई?" दोन्हीकडे आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता एकदा सगळं सांगते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पगार चालू होता, खरं आहे. आणि मी घरी बसले नव्हते, हेही तितकंच खरं आहे. रेशनचे तांदूळ आणि डाळ घरोघर पोचवण्यापासून ते कोण मुंबईहून आलं, कोण गोव्याहून आलं याच्या याद्या करण्यापर्यंत सगळं आम्हीच केलं. ज्यांना हे पटत नाही त्यांना पटवायचा मी नाद सोडलाय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जड आहे, कारण त्यात गृहीत धरलंय ते खोटं आहे. एक पोरगा तुटला. आणि तो माझ्यामुळे तुटला असं मला वाटतं.

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत आमची सरकारी मराठी शाळा, पहिली ते सातवी. पट घसरला की मराठी शाळेचं काय होतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. मार्च २०२० ला शाळा बंद झाली तेव्हा माझ्या पोटात पहिली भीती आली ती रोगाची नव्हे, पटाची. पोरं एकदा पांगली की परत येणार नाहीत. वरून सूचना आली, ऑनलाइन शिकवा. टीव्ही होता, पण दूरदर्शनच्या कन्नड वाहिनीवरचे, 'चंदन'वरचे धडे कन्नडमधून. पुढं जुलैत 'सह्याद्री'वर 'टिलीमिली' ही धड्यांची मालिका मराठीतून लागायला लागली, तर ती महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली. आमची पुस्तकं बेंगळुरूची. पोरं 'टिलीमिली' आवडीनं बघायची, पण त्यातली कविता स्वतःच्या पुस्तकात शोधत बसायची आणि सापडली नाही की मला फोन करायची.

वरून सूचना आली तशी जूनमध्येच देवळाच्या मंडपात मी पालकांना लांब लांब बसवून सांगितलं, घरात एक तरी स्मार्टफोन घ्या. नसला तर पोरगं मागं पडेल. ठासून सांगितलं. माझ्या मनात खरोखर तेच होतं.

आठ-दहा दिवसांनी सातवीतल्या एका पोराची आई शाळेच्या फाटकाशी आली. पदराखालून नवा फोन काढून माझ्या हातात दिला. "बाई, ते व्हाट्सॅप तेवढं घालून द्या." किती पडले विचारलं तर म्हणाली, आठ हजार. पैसे कुठून आणले हे मी विचारलं नाही, पोरानंच सांगितलं. दुभती शेळी आणि तिची दोन्ही करडं विकली होती. मी व्हाट्सॅप घालून दिलं. ग्रुपमध्ये नंबर टाकला. ती खूश होऊन गेली.

त्यांच्या वाडीत रेंज नाही. हे मला माहीत होतं. माझा स्वतःचा फोन तिथे लागत नसे. तरीही मंडपात बोलताना ती वाडी माझ्या डोक्यात आली नाही; माझ्या डोक्यात ग्रुपवरची नावं होती, वर पाठवायचा तक्ता होता. पोरगा भर पावसात प्लास्टिकच्या पिशवीत फोन गुंडाळून वरच्या माळावर चढायचा. एकदा तासाभरानं त्याचा आवाज आला, "बाई, चित्र उघडंना." मी म्हटलं, थोडं थांब, उघडेल. दोन दिवस तापानं पडला. त्याची आई मला फाटकाशी भेटली तेव्हा रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हीच म्हणालासा नव्हं?"

त्या दिवसापासून मी ग्रुपवर अभ्यास टाकणं बंद केलं. वाडी वाडीला एक शंभर पानी वही दिली. एका पोरानं एक पान लिहायचं आणि पुढच्या घरी द्यायची. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत ती डेअरीला दूध घालायला जाणाऱ्यांबरोबर जायची. काय लिहायचं ते मी सांगितलं नाही. रोप लावणीत पायाला लागलेली जळू, गाभण म्हैस, आजीचा खोकला, "शाळेची घंटा गंजली काय?" असलं सगळं त्यात आलं. ऑगस्टमध्ये विद्यागम, म्हणजे पोरांना गावातच छोट्या गटांत बसवून शिकवायची सरकारी योजना, सुरू झालं, आम्ही झाडाखाली, मंडपात बसू लागलो. ऑक्टोबरमध्ये तेही बंद करायचा आदेश आला. वही मात्र थांबली नाही. लोक कौतुक करतात ते या वहीचं. मला कौतुक घेता येत नाही, कारण ही वही मला जूनमध्येच सुचायला हवी होती. वही द्यायला आठ हजार लागत नाहीत.

कधी कधी मीच माझ्याशी भांडते. फोन घ्या म्हटलं नसतं तर तालुक्यातले म्हणाले असते, मराठी शाळेच्या बाईंना काही कळत नाही. आणि शेळी विकायचा निर्णय माझा नव्हता. मग आठवतं, माझ्या शब्दाला त्या घरात किती वजन होतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये सहावी ते आठवीचे वर्ग भरले. तो आठवीला हायस्कुलात गेलाच नाही. मामानं गोव्याला बेकरीत नेलं होतं. मी दोनदा घरी जाऊन आले, शाळाबाह्य म्हणून कळवलंही. आई म्हणाली, येईल की. वडिलांनी तोंड फिरवलं. शेळी असती तर तो गेला नसता, असं मी म्हणू शकत नाही. गेलाच असता, असंही म्हणू शकत नाही.

फोन त्याच्याकडेच आहे. त्याचा नंबर अजून ग्रुपमध्ये आहे, आणि गोव्यात रेंज चांगली आहे. परवा त्यानं लिहिलं होतं, "बाई, वही आजून फिरतीय काय?" वह्या माझ्या कपाटात आहेत, त्याची अकरा पानं धरून. त्याला काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.