क्यूब पास झाला, पण पुलाचे काय?

क्यूब, म्हणजे ताकद तपासण्यासाठी ओतलेला काँक्रीटचा ठोकळा, पास झाला की काम पास झाले, असे साइटवर सर्रास धरून चालतात. उड्डाणपुलांच्या कामावर साइट इंजिनीअर म्हणून वावरताना मला या समजुतीची नेहमीच धास्ती वाटत आली आहे. 150 मिलिमीटरचे तीन क्यूब मिळून एक नमुना होतो आणि 28 दिवसांनी त्यांची ताकद तपासली जाते. नमुना काँक्रीटच्या कोणत्या गाडीतून घेतला याची नोंद रजिस्टरमध्ये असते. तो घेतल्यानंतर त्या गाडीत काय मिसळले गेले, याची मात्र नसते.

विदर्भात मे महिन्यात पिअर कॅपचे, म्हणजे पुलाच्या खांबाच्या माथ्यावरच्या भागाचे, काँक्रीटिंग रात्रीच करावे लागते. तरीही पंपापाशी दोन गाड्या तुंबल्या की तिसऱ्या गाडीतला माल घट्ट होऊ लागतो, पंपवाला पाइप चोक होईल म्हणून ओरडतो आणि ड्रायव्हरचा हात सवयीने पाण्याच्या कॉकवर जातो. घनमीटरला 400 किलो सिमेंट आणि 160 लिटर पाणी असेल, तर पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.40 येते. सहा घनमीटरच्या गाडीत 120 लिटर पाणी सोडले, तर ते थेट 0.45 वर जाते, काँक्रीटची ताकद घटते, आणि अंधारात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. स्लम्प, म्हणजे काँक्रीटचा प्रवाहीपणा, उतरला असेल तर क्वालिटीवाल्यांच्या देखरेखीखाली अॅडमिक्स्चरची (काँक्रीट प्रवाही ठेवणाऱ्या रसायनाची) मात्रा वाढवावी, नाहीतर गाडी परत पाठवावी. गाडी परत पाठवली की फोन कोणाकोणाचे येतात, ते साइटवर रात्र काढलेल्यांना सांगायला नको.

क्युअरिंगची, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याची, गत याहून वाईट. क्यूब 27 अंशांच्या टाकीत निवांत बुडून असतात. पिअर कॅपच्या वाट्याला मात्र उन्हात वाळलेले गोणपाट आणि सुट्टीच्या दिवशी हमखास न येणारा टँकर. कोरड्या, उष्ण हवेत किमान 10 दिवस ओलावा टिकवावा, असे आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात म्हटले आहे. म्हणून मी शिडीने वर चढून गोणपाटाला स्वतः हात लावून पाहतो.

नियमाने ठरलेल्या नमुन्यांखेरीज, सर्वांत जास्त वेळ खोळंबलेल्या गाडीतून, पंपात माल पडतेवेळी, मी क्यूबचा एक जादा संच घेतो. क्वालिटीवाल्यांना हे फारसे रुचत नाही. पण सात दिवसांच्या चाचणीत हा संच इतरांपेक्षा कमी भरला, तर पुढच्या काँक्रीटिंगआधी काँक्रीट पाठवणाऱ्या प्लँटवाल्यांशी दोन गाड्यांमधल्या अंतराबद्दल बोलताना माझ्या हातात कागद असतो.