घाट, हिमोग्लोबिन आणि सोमवारची निळी गोळी

मे-जून

सातारा हिल हाफ मॅरेथॉन तोंडावर आली आहे. रस्ता पळणाऱ्यांना ठाऊक आहेच: शहरातून समर्थ मंदिरापर्यंत, मग यवतेश्वरचा घाट आणि त्याच वाटेने परत. जाताना चढ, येताना उतार. यंदाच्या नोंदीत मात्र घाटापेक्षा रक्ताबद्दल जास्त लिहायचं आहे.

मे महिन्यात घाटात पाय भरून यायच्या आधीच दम संपायला लागला. झोप नीट होती, आठवड्याचं अंतर बेताबेताने वाढवत होते, ईझी रन (हलकं, सावकाश पळणं) खरोखर ईझी होता. तरी साध्या चढाला नाडी १६५ वर जायची आणि पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, काही सुधारत नव्हता. डॉक्टरांनी नेहमीच्या रक्ततपासणीसोबत फेरिटिनही करायला सांगितलं. हिमोग्लोबिन १०.९ (शंभर मिलिलिटर रक्तात इतके ग्रॅम), फेरिटिन ९. बाईचं हिमोग्लोबिन, ती गरोदर नसताना, १२ च्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि माझा जवळजवळ रिकामा होता.

शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे रिपोर्ट हातात आल्यावर आधी गणित मांडलं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. १०.९ ला शंभर मिलिलिटर रक्तात १४.६ मिलिलिटर ऑक्सिजन बसतो. तेच हिमोग्लोबिन १२.४ असेल तर १६.६. चढावर हृदय मिनिटाला पंधरा लिटर रक्त फिरवतं असं धरा. दर मिनिटाला तीनशे मिलिलिटर ऑक्सिजनचा फरक! स्नायू तो सगळा उचलत नाहीत हे खरं, पण घाटात माझ्याकडे काय कमी पडत होतं ते या हिशोबात दिसलं. हिल रिपीट, म्हणजे एकच चढ पुन्हा पुन्हा पळणं, वाढवून ही तूट भरून निघणार नव्हती.

पळणाऱ्या बाईचं लोह बऱ्याच वाटांनी जातं. पाळी आहेच. पाऊल आपटताना तळव्यातल्या काही तांबड्या पेशी फुटतात, थोडं घामातूनही जातं. त्यात यकृतातून येणारं हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातून लोह आत घेण्याचं दार बंद करतं. जोरात पळून झालं की तीन ते सहा तासांनी ते सगळ्यात जास्त वाढलेलं असतं. म्हणून गोळी सकाळच्या रनवरून आल्या आल्या घ्यायची, लिंबूपाण्याबरोबर. तीही एक दिवसाआड, कारण गोळीनेसुद्धा हेप्सिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी बरीचशी वाया जाते. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर हे तपासलं. तितक्याच गोळ्यांतून, रोज घेणाऱ्यांपेक्षा एक दिवसाआड घेणाऱ्यांच्या अंगी एकूण लोह जास्त लागलं. डॉक्टरांशी बोलून मीही तसंच केलं. चहामुळे लोह अंगी कमी लागतं, म्हणून तो दोन तास पुढे ढकलला. पावसात भिजून घरी आल्यावर चहाशिवाय बसणं या सगळ्यात अवघड गेलं.

खाण्यात बाजरीची भाकरी, घेवडा, अळीव, आणि जेवताना लिंबू किंवा आवळा ठरलेला. भाजीपाल्यातलं लोह अंगी कमी लागतं, मटणातलं जास्त. आमच्याकडे रविवारी मटण असतं आणि कलेजी वर्षानुवर्षं मुलांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या ताटात जायची. कोणी तसं ठरवलं नव्हतं, वाढणारा हातही माझाच होता. सासूबाईंना रिपोर्ट वाचून दाखवला. पुढच्या रविवारी त्यांनीच पातेल्यातून कलेजी काढून माझ्या ताटात घातली आणि म्हणाल्या, "आधी तू खा, मग वाढ."

एक गोष्ट कळकळीने सांगते: तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, पुरुषांनी तर नाहीच नाही. जास्तीचं लोह शरीराला सहजी बाहेर टाकता येत नाही.

जुलै

यवतेश्वरला धुकं, रस्त्यावर ओघळून आलेली माती, दहा पावलांपुढचं दिसत नाही. या महिन्यात वेगाचं काही केलं नाही. नाडी १४५ च्या आत ठेवून लांब पळायचं, इतकंच. अशा वेळी डोकं मोकळं असतं आणि जुन्या शर्यती आठवत राहतात.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोरांदो पिएत्री मॅरेथॉनच्या शेवटी स्टेडियममध्ये पुन्हा पुन्हा कोसळला. अधिकाऱ्यांनी उठवून, आधार देऊन त्याला रेषेपलीकडे नेलं, म्हणून तो बाद झाला. तरी राणी अलेक्झांड्राने त्याला चषक दिला आणि तो जगभर गाजला. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये बायका पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावल्या. जर्मनीची लीना राडके जागतिक विक्रमासह जिंकली. शर्यत संपल्यावर काहीजणी दमून गवतावर आडव्या झाल्या. वर्तमानपत्रांनी त्याचं भयंकर वर्णन छापलं, आणि ही शर्यत बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये परत आली ती थेट १९६० मध्ये. पुरुष कोसळला तर शूर, बाई दमली तर नाजूक. या बंदीला वैद्यकाचं नाव दिलं गेलं, पण कोणी काही मोजलं नव्हतं. बायकांची ऑलिंपिक मॅरेथॉन १९८४ ला सुरू झाली, तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत, तर २००८ ला.

त्या स्टीपलचेसपाशी मी दर वेळी थांबते. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय बाई पोचली ती १९८४ च्या पी. टी. उषानंतर पहिल्यांदाच. ललिता पंधरा वर्षं आधी जन्मली असती तर तिच्या भरात ऑलिंपिकमध्ये ही शर्यतच नव्हती. दम तोच, मेहनत तीच, धावायला जागा नाही. खेळात राजकारण आणू नका म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं: कोण कुठली शर्यत धावणार, हे कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलंच असतं.

ऑगस्ट

दुसरी तपासणी झाली. हिमोग्लोबिन १२.४, फेरिटिन ३१. समर्थ मंदिर ते यवतेश्वर मंदिर, नाडी १४५ धरून: जूनच्या सुरुवातीला किलोमीटरला ९:४०, आता ८:५०. सगळं श्रेय गोळीला देणार नाही. जूनच्या सुरुवातीचा उकाडा आणि ऑगस्टचा गारवा यात नाडीला मोठा फरक पडतो, शिवाय मधल्या काळात सराव झालाच. पण जिना चढताना छातीत होणारी धडधड थांबली, आणि ती गारव्याने थांबलेली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५३ टक्के बायकांना रक्तक्षय होता. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, तो ५७ टक्के निघाला. यावर वाद आहे आणि तो खोटा नाही: बोटातून काढलेल्या थेंबाची मोजणी शिरेतल्या रक्ताइतकी भरवशाची नसते. म्हणून पुढच्या फेरीतून ही चाचणी काढून, शिरेतलं रक्त घेऊन वेगळी पाहणी करायचं ठरलं. पद्धत सुधारणं मला मान्य आहे. पण नवं घड्याळ घेतलं की आपण काही दिवस जुनं-नवं दोन्ही मनगटांवर बांधून पळतो, म्हणजे मागच्या नोंदी वाया जात नाहीत. इथेही एक फेरी दोन्ही पद्धतींनी मोजायला हवी होती. नाहीतर उद्या आकडा खाली आला तर बायकांचं रक्त वाढलं की फक्त मोजमाप बदललं, हे कळायचं कसं?

आमच्या शाळेत सोमवारी निळी गोळी वाटतात: साठ मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड. योजना चांगली आहे, मी तिच्या पूर्ण बाजूने आहे. या महिन्यात आठवीतल्या एका मुलीच्या तळहातावर निळा डाग दिसला. मूठ उघडायला लावली तर घामाने रंग सुटलेली गोळी. म्हणाली, "बाई, मळमळतं. सकाळी काही खाल्लेलं नसतं." गोळी परिपाठानंतर लगेच मिळायची. ही मुलगी चारशे मीटरला तालुक्याला जाईल अशी पळते आणि दोनशेनंतर ओठ पांढरे पडतात. तिच्या आईला बोलावून घेतलं. ती पहाटे शेतावर जाते, रात्रीची भाकरी उरली तर उरली. पोरीची तपासणी सरकारी दवाखान्यात करायचं ठरलं आहे. तोवर तिला इंटरव्हल (मध्ये थांबत थांबत जोरात पळणं) नाहीत, फक्त हलकं पळणं.

आता शर्यतीपर्यंतचं: या रविवारी शेवटचा लांब रन, कास रस्त्याने सांबरवाडीच्या पुढे आणि परत. परतीचा उतार मुद्दाम सलग पळणार, कारण उतारावर मांड्या ताणल्या जात असतानाच भार घेतात आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं तिथूनच येतं. एकदा सोसलं की पुढच्या उताराला ते बरंच कमी होतं. त्यानंतर अंतर निम्म्यावर. गोळी एक दिवसाआड चालू, पुढचं फेरिटिन ऑक्टोबरात, ते बघून डॉक्टर सांगतील तसं. आणि मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, सोमवारची गोळी आता खिचडीनंतर.