दुब्रोवनिकचा तट प्लोचेकडून चढावा

दुब्रोवनिक, क्रोएशिया. जून. सकाळी पावणेआठ.

आज जुन्या शहराभोवतीच्या तटाची फेरी. तटावर एकाच दिशेनं चालू देतात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. त्यामुळे कुठून चढायचं, हे आधी ठरवायला हवं. बसमधून उतरलेली माणसं पश्चिमेच्या पिले दरवाजातून आत येतात आणि तिथूनच वर चढतात. मग समुद्राकडची बाजू आधी होते आणि मिनचेता बुरुजाचा चढ शेवटी, भर उन्हात वाट्याला येतो. पूर्वेकडे प्लोचे दरवाजापाशी चढलं, तर तोच चढ सकाळच्या गारव्यात, पाय ताजे असताना उरकतो.

पिलेतून आत आल्यावर प्लोचेला जायला स्त्रादून हा मुख्य रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, जेमतेम तीनशे मीटर. पिलेच्या आत ओनोफ्रियोचं कारंजं आहे, तिथे बाटली भरून घ्यावी. सोळा बाजूंचा हा हौद १४३८ सालचा. तेव्हा पाणी बारा किलोमीटरवरून आणलं होतं. कारंज्याचं पाणी आजही पितात. वर सावली जवळजवळ नाहीच. तट १९४० मीटरचा, पायऱ्या आणि थांबे धरून दोन तास हवेत.

मिनचेतावरून खाली नुसती कौलं दिसतात. आपल्या कोकणातल्या जुन्या घरांवरच्या नळीच्या कौलांसारखीच, अर्धगोल. घाईनं पुढे जाऊ नये, रंग बघावेत. फिकट, पिवळसर, डाग पडलेली ती जुनी. एकसारखी लालभडक ती युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धात, १९९१-९२ च्या तोफमाऱ्यानंतर शाकारलेली. काही छपरांवर दोन्ही शेजारी शेजारी आहेत. युद्धाचा इतका स्पष्ट नकाशा दुसरा नसेल.

दुपारी खालच्या गल्ल्या. स्त्रादूनचा चुनखडीचा दगड पावलांनी घासून आरसा झालाय. पावसाची सर आली की गुळगुळीत तळव्याची चप्पल हमखास घसरते. रबरी तळाचे बूट घालावेत. ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात शहर कोसळलं, मग ते नव्यानं बांधलं, म्हणून इथली घरं एका उंचीची, एका घाटाची. दुकानांची दारं मात्र निरखून बघावीत. दार आणि खिडकी एकाच कमानीत. अर्ध्या भागातून आत जायचं, उरलेल्या अर्ध्यात गुडघ्याच्या वर दगडी फळी, तोच दुकानदाराचा गल्ला. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहूनच माल घ्यायचं.

तटाचं तिकीट जपून ठेवावं, लोव्रियेनात्स किल्ल्याला तेच चालतं. संध्याकाळी तिथे जावं. या किल्ल्याची बाहेरची भिंत बारा मीटर जाड, शहराकडची जेमतेम साठ सेंटिमीटर. किल्लेदार उलटलाच, तर शहराला तोफा डागून ती पाडता यावी म्हणून. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, जगातल्या सगळ्या सोन्याच्या मोबदल्यातही स्वातंत्र्य विकू नये. पातळ भिंत बघून मगच हे वाचावं.

परतताना स्वेती व्लाहोचं, म्हणजे शहराच्या रक्षक संताचं चर्च. वेदीवरच्या त्याच्या मूर्तीच्या हातात शहराची छोटी प्रतिकृती आहे, भूकंपाआधीच्या शहराची. याच संताच्या नावाचं चर्च जुन्या गोव्याजवळ गवंडाळीतही आहे, सां ब्राझ. दुब्रोवनिक म्हणजे तेव्हाचं रागुसा. तिथल्या व्यापाऱ्यांशी त्या चर्चचं नातं सांगितलं जातं. गोव्याकडच्या माणसानं इथे पाच मिनिटं जास्त थांबावं.