घेतलेलं परत

रविवार, २१ डिसेंबर

आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतला, चौथा रविवार. १५११ सालीही तो २१ डिसेंबरलाच आला होता. त्या दिवशी कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पान्योला बेटावर, सांतो दोमिंगोमध्ये, अंतोनिओ दे मोन्तेसिनोस हा डोमिनिकन या ख्रिस्ती संघाचा संन्यासी प्रवचनाला उभा राहिला. ‘अरण्यात ओरडणाऱ्याची वाणी मी आहे’ हे वचन त्यानं घेतलं आणि समोरच्या स्पॅनिश मालकांना बेटावरच्या मूळ रहिवाशांबद्दल थेट विचारलं: ही माणसं नाहीत का? यांना विवेकी आत्मा नाही का? कोणत्या अधिकारानं तुम्ही यांना असं राबवता?

मानवी हक्कांच्या इतिहासात हे प्रश्न नेहमी सांगितले जातात. मी मात्र आज दिवसभर त्याच्या पुढच्या रविवारात अडकून पडलोय. संतापलेली बडी मंडळी, त्यांत कोलंबसाचा मुलगा दिएगो हा तिथला सर्वोच्च अधिकारी, संन्याशांच्या घरी धडकली आणि शब्द मागे घ्यायला सांगून गेली. मठप्रमुख पेद्रो दे कोर्दोबा यांनी बजावलं की ते प्रवचन एकट्याचं नव्हतं, आम्हा सगळ्यांचं होतं. आठवड्यानं मोन्तेसिनोस पुन्हा उभा राहिला, तेच पुन्हा बोलला आणि वर सांगितलं: वाटमाऱ्यांना आम्ही पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करून क्षमा मागायला, घेत नाही, तसं तुम्हालाही घेणार नाही.

प्रवचन या कानानं ऐकून त्या कानानं सोडता येतं. पापक्षमाच नाकारली, तर त्या काळातल्या श्रद्धावंताच्या पायाखालची जमीन सरकते.

बार्तोलोमे दे लास कासास तेव्हा स्वतः धर्मगुरू होते आणि मालकही. राजाच्या नावानं स्पॅनिश माणसाला मूळ रहिवासी नेमून दिले जायचे. त्यानं त्यांना धर्म शिकवायचा, त्यांनी त्याच्यासाठी राबायचं, अशी ती व्यवस्था. प्रत्यक्षात लोक सोन्याच्या खाणींत मरेस्तोवर खपत. एका डोमिनिकनानं लास कासास यांनाही पापक्षमा नाकारली होती. तेव्हा ते वाद घालून आले. १५१४ मध्ये क्युबात पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या प्रवचनाची तयारी करताना बायबलमधल्या सिराखच्या ग्रंथातला एक उतारा त्यांच्यासमोर आला. गरिबाची भाकर म्हणजे त्याचा जीव, ती काढून घेणारा खुनी आहे, असा त्याचा आशय. त्यांनी आपल्या ताब्यातली माणसं सोडली. उतारा काही नवा नव्हता, धर्मगुरूच्या वाचनात तो असणारच. त्या दिवशी मात्र त्यांनी तो स्वतःच्या ताटाला लावून पाहिला.

पुढे १५५०-५१ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिदला, मूळ रहिवाशांना जिंकून ताब्यात ठेवणं न्याय्य आहे का, यावर तो प्रसिद्ध वाद झाला. एका बाजूला लास कासास, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश पंडित सेपुल्वेदा. सेपुल्वेदानं ॲरिस्टॉटलचं ‘पॉलिटिक्स’ लॅटिनमध्ये आणलं होतं. काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात, हे त्यातलं विधान त्याचं मुख्य हत्यार. लास कासास यांनी तिथं ॲरिस्टॉटलला सरळ रामराम ठोकला आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ख्रिस्ताची आज्ञा पुढे केली. परीक्षकांनी औपचारिक निकाल दिलाच नाही.

मला वाटतं, ‘ही माणसं आहेत’ एवढ्यावर हा वाद जिंकता येत नव्हता. सेपुल्वेदाही त्यांना माणूसच म्हणत होता, फक्त खालच्या पायरीचा. माणूस आहे म्हणून मान्य करायचं आणि त्याच दमात त्याच्या मानेवर जू ठेवायचं, हे सहज जमतं. आपल्या देशात तर हे वेगळं सांगायला नको.

लास कासास यांचं खरं धारदार लिखाण मला त्यांच्या पापनिवेदकांसाठीच्या नियमांत दिसतं. १५५२ मध्ये ते सेव्हिलला छापले गेले. मरणशय्येवरच्या विजेत्यानं, म्हणजे तो मुलूख जिंकणाऱ्या स्पॅनिश माणसानं, पापनिवेदनाआधी नोटरीला बोलवायचं, आपल्या मालमत्तेचा पूर्ण अधिकार धर्मगुरूच्या हाती लिहून द्यायचा, गुलाम मुक्त करायचे आणि लुटलेलं ज्यांचं त्यांना, ते हयात नसतील तर वारसांना परत करायचं. आधी दस्तऐवज, मग क्षमा. खाटेवरचा आजारी माणूस, शेजारी कागद घेऊन बसलेला नोटरी, आणि क्षमेसाठी हात वर करण्याआधी सहीची वाट बघणारा धर्मगुरू. न्यायाचं इतकं ठोस चित्र मी दुसरीकडे क्वचितच वाचलंय.

आणि यामागेही ॲरिस्टॉटल आहे! ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात तो म्हणतो की एकानं जास्तीचं घेतलं असेल, तर न्यायाधीशानं ते काढून दुसऱ्याला द्यावं आणि समतोल पुन्हा साधावा. मध्ययुगातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी तेच घेऊन परतफेडीला न्यायाचं कृत्य ठरवलं. घेतलेलं परत केल्याशिवाय पापाची क्षमा नाही, हे आद्य ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनचं वचनही सोबत जोडलं. म्हणजे एका पुस्तकात जो माणसाला गुलाम ठरवतो, त्याच्याच दुसऱ्या पुस्तकातून मालकाचा हिशोब मागता येतो. बायबलमधल्या जक्कय या जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत देण्याचं कबूल केलं, तो प्रसंगही आता मला वेगळा दिसतो. तिथं दया दाखवणं नाही, देणं फेडणं आहे. समोरच्याचा हक्क म्हणजे माझ्याकडे असलेली त्याची वस्तू.

लास कासास यांचंही एक देणं राहिलं. १५१६ मध्ये मूळ रहिवाशांना वाचवण्यासाठी आफ्रिकन गुलाम आणण्याची सूचना त्यांनी केली होती. उतारवयात इतिहास लिहिताना त्यांनी नोंदवलं, की आफ्रिकनांची गुलामीही तितकीच अन्यायाची होती आणि आपलं अज्ञान देवासमोर आपल्याला वाचवेल याची खात्री नाही. हे वाक्य वगळून त्यांना नुसतं थोर म्हणायला माझं मन धजत नाही. पण ज्यांना जहाजांत कोंबून आणलं, त्यांच्यासाठी कुठला नोटरी कुणाच्या उशाशी बसला?

पेरूमधल्या काही विजेत्यांनी मृत्युपत्रांत खरोखरच मूळ रहिवाशांना परतफेड लिहून ठेवली. ती मृत्युपत्रं मला वाचायची आहेत. सोनं आणि खंडणी मोजता येते. खाणीत मेलेल्यांच्या नावापुढे त्यांनी कोणता आकडा घातला, की ती ओळ कोरीच सोडली, ते मला बघायचंय.