सातारच्या चढावर न सुरू होणारी पद्मिनी : पेट्रोल कुठे अडते?

पत्रा आणि रंगकाम उरकल्यानंतर १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीचे काम पुन्हा इंजिनाकडे वळले आहे. रात्रभर उभी राहिलेली ही गाडी सकाळी सुरू होत नाही. बॅटरी चांगली आहे, सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन एकही फटका देत नाही. मात्र हे रोज घडत नाही, आणि याच गोष्टीने तपासाला दिशा दिली. आमचे घर मंगळवार पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या चढावर आहे. गाडीचे तोंड किल्ल्याकडे, म्हणजे चढाकडे ठेवले असेल तर सकाळी ती सुरू होत नाही. तीच गाडी उलटी वळवून, तोंड उताराकडे ठेवून उभी केली, तर चोक ओढताच सुरू होते.

अशा वेळी पहिला प्रश्न करंटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा, की पेट्रोलचा, हा असतो, आणि त्याचे उत्तर पाच मिनिटांत मिळते. बराच वेळ सेल्फ मारल्यावर प्लग काढून पाहिला. तो कोरडा ठणठणीत होता आणि त्याला पेट्रोलचा वाससुद्धा नव्हता. प्लग ओला निघाला असता, तर कॉइल, कंडेन्सर आणि डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) पॉइंटकडे पाहावे लागले असते. त्यानंतर एअर क्लीनर उतरवून, कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्चचा उजेड टाकून, अॅक्सिलरेटरची दांडी हाताने हलवली. फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, पेट्रोल असेल तर प्रत्येक हालचालीबरोबर बारीक पिचकारी दिसते. येथे काहीच दिसले नाही. अखेरची खात्री म्हणून इंजेक्शनच्या सिरिंजने थोडेसे पेट्रोल घशात सोडले, बाटली दूर नेऊन ठेवली, एअर क्लीनर परत बसवला आणि पुतण्याला सेल्फ मारायला सांगितले. इंजिन दोन-तीन सेकंद व्यवस्थित चालले आणि बंद पडले. म्हणजे करंट आहे आणि टायमिंगही ठीक आहे. केवळ पेट्रोल पोहोचत नाही.

ज्या मिस्त्रींकडे गाडी वर्षानुवर्षे जाते, त्यांचे मत तत्काळ तयार होते : "एसी पंप गेलाय, दुसरा टाका." (एसी पंप म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप.) त्यांचा अनुभव मोठा आहे आणि जुन्या गाड्यांत पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटलेला किंवा व्हॉल्व कचऱ्याने उघडा राहिलेला आढळतो, हेही खरे आहे. परंतु पंप सदोष असेल, तर गाडीचे तोंड कोणत्या दिशेला आहे याच्याशी त्याचा इतका स्पष्ट संबंध का असावा, हे मला पटेना. शिवाय आज बाजारात मिळणाऱ्या काही पंपांचे डायफ्रॅम जुन्या मूळ पंपाच्या तोडीचे नसतात, त्यामुळे चालता पंप उगाच काढू नये, असे माझे ठाम मत आहे.

पंपाची परीक्षा त्याला टाकीपासून वेगळे करूनच घ्यावी लागते. कॉइलची मधली वायर काढून तिचे टोक बॉडीला टेकवले, पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप सोडून त्याचे टोक काचेच्या बाटलीत धरले आणि सेल्फ मारला. चढावर उभ्या असलेल्या गाडीत बाटलीत आधी नुसती हवा आली, मग बुडबुड्यांसह थोडेसे पेट्रोल. त्यानंतर पंपाचा आत येणारा पाइप काढला, त्या जागी नव्या होजचा तुकडा लावला आणि त्याचे दुसरे टोक पंपाच्या खालच्या पातळीवर ठेवलेल्या स्वच्छ पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवले. कॅन वर ठेवला तर पेट्रोल आपोआप खाली येते आणि पंपाच्या ओढीची परीक्षा होतच नाही, म्हणून तो खालीच असणे महत्त्वाचे आहे. या वेळी सेल्फच्या काही फेऱ्यांतच बाटलीत भरदार, ठरावीक ठोक्यांची धार पडू लागली. पंप निर्दोष होता. दोष पंपाच्या मागे, टाकीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी होता.

येथे सक्शनच्या, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या ओढीच्या, बाजूचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. पद्मिनीचा पंप इंजिनावर आहे आणि टाकी मागे. म्हणजे साधारण तीन मीटर अंतरावरून पेट्रोल ओढून आणावे लागते. दहास एक इतका चढ धरला, तरी तोंड वर असताना टाकी पंपाच्या तुलनेत सपाटीपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर खाली जाते, आणि गाडी उलटी फिरवली की तितकीच वर येते. पाइपात कुठेही बारीक फट असेल, तर पहिल्या स्थितीत रात्रीतून तेथून हवा शिरते आणि पाइपातले सगळे पेट्रोल टाकीत उतरते.

मग गाडी एकदा सुरू झाल्यावर दिवसभर बिनतक्रार कशी चालते? पंपाचा दांडा कॅमशाफ्टवरील उंचवट्यावर चालतो आणि कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. सेल्फवर इंजिनाचे मिनिटाला १५० ते २०० फेरे होत असतील, तर पंपाचे ठोके जेमतेम ७५ ते १०० पडतात. आयडलिंगला ८०० फेरे धरले, तर ते ४०० होतात. मिनिटाला ४०० ठोके मारणारा पंप फटीतून येणारी हवा पचवून पेट्रोलही आणतो, पण १०० ठोक्यांत त्याची बहुतेक शक्ती हवा ओढण्यातच जाते. छिद्र पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस पिऊन पाहिला, की सावकाश ओढणे आणि जोरात ओढणे यांतला फरक लगेच कळतो.

सक्शनच्या बाजूची फट शोधणे अवघड जाते ते यामुळे, की ती गळत नाही. तेथे पाइपाच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे पेट्रोल बाहेर न येता हवा आत जाते. गाडीखाली डाग नाही, होजवर ओल नाही, वास नाही. आणि डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून पाइप निर्दोष ठरवला जातो आणि पंप किंवा कार्ब्युरेटर बदलला जातो. आमच्या उताराचा येथे उपयोग झाला. टाकी काठोकाठ भरली आणि गाडी तोंड खाली करून रात्रभर उभी ठेवली. अशा स्थितीत टाकीतील पेट्रोलची पातळी पुढच्या होजपेक्षा वर असते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा अधिक होतो आणि आदल्या रात्री हवा ओढणारी फट आता पेट्रोल सोडू लागते. होजच्या प्रत्येक जोडाभोवती पांढऱ्या टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळून ठेवली होती. सकाळी पंपाच्या अलीकडच्या, म्हणजे पत्र्याचा पाइप आणि रबरी होज यांच्या जोडावरच्या पट्टीवर पिवळसर कडा असलेला डाग उमटला होता. क्लिप सोडून होज वाकवली, तेव्हा क्लिपच्या दाबाखालीच लांबट चीर दिसली. वरून होज अगदी धडधाकट वाटत होती. (हा प्रयोग बंद गॅरेजमध्ये करू नये. उघड्यावर आणि जवळ अग्निशामक ठेवूनच करावा.)

होज जुनी होती, त्यामुळे तिचे वय हे मुख्य कारण आहेच. तथापि २०२३ पासून पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आहे, आणि जुन्या नायट्राइल रबराला इथेनॉल मानवत नाही, हेही विसरता येत नाही. रबर आधी फुगते, गाडी उभी राहून कोरडे पडले की आक्रसते, आणि चीर अशा ताणाखालच्या जागीच पडते. साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या असलेल्या आपल्या जिल्ह्यात इथेनॉलविरुद्ध बोलणे काहींना रुचणार नाही, आणि माझी तक्रार इथेनॉलविषयी नाहीही. चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराकडून आजचे इंधन पेलण्याची अपेक्षा ठेवू नये, एवढेच म्हणणे आहे. नवी होज घेताना तिच्यावर एसएई जे३० आर९ असे छापलेले आहे का, हे पाहावे. या प्रतीच्या होजला आतून फ्लोरोइलास्टोमरचे अस्तर असते. मीटरवर विकली जाणारी साधी काळी नळी दिसायला तशीच असते आणि स्वस्तही पडते, पण ती लावण्यात अर्थ नाही. टाकीपासून पंपापर्यंतचे सर्व रबरी तुकडे एकाच वेळी बदलले आणि दात्यांच्या क्लिपऐवजी, होज न कापणाऱ्या गोल कडांच्या क्लिप लावल्या.

याच सुमारास टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवून मोकळे व्हावे, असा सल्ला अनेकांनी दिला. फट तशीच ठेवून मागे पंप बसवला असता, तर सारा पाइप दाबाखाली आला असता आणि हवा ओढणाऱ्या चिरेतून गरम इंजिनाजवळ पेट्रोल उडाले असते. शिवाय एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनच्या) गाडीचा पंप साधारण तीन बार दाब देतो, तर पद्मिनीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची आवक अडवणाऱ्या निडल व्हॉल्वला ०.२ ते ०.३ बार पुरेसा होतो. त्यापुढे निडल बसत नाही आणि पेट्रोल घशातून वाहू लागते. पुढेमागे कमी दाबाचा पंप लावायचा झालाच, तरी पाइप दुरुस्त झाल्यावर, आणि इंजिन बंद पडताच पंपाचा करंट तोडणाऱ्या स्विचसह लावावा.

नव्या होजनंतर गाडी चढाकडे तोंड करून ठेवली, तरी सकाळी सुरू होते. मात्र एक दुखणे शिल्लक आहे. टाकी निम्म्याच्या खाली गेल्यावर यवतेश्वरच्या घाटात इंजिन अडखळते. टाकी भरलेली असताना तोच घाट ती कासपर्यंत निर्वेध चढते. पहिला संशय टाकीच्या झाकणातल्या हवेच्या छिद्रावर होता, कारण ते बुजले तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल अडते. परंतु झाकण सैल करून पाहिले, तरी फरक पडला नाही आणि उघडताना हवा आत खेचली गेल्याचा आवाजही आला नाही. नंतर पंपाच्या अलीकडे तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा घालून, टाकी अर्ध्याहून कमी असताना घरासमोरच, जागेवरच इंजिन चालवले. नळीतून बुडबुड्यांची माळ जाताना दिसली. कॅनमधून टाकीत आणखी पेट्रोल ओतले, तेव्हा ती थांबली.

बाहेरचे सगळे जोड नवे असताना पातळीनुसार येणारी आणि जाणारी हवा टाकीच्या आतूनच येत असली पाहिजे. पेट्रोल उचलणारी धातूची नळी टाकीत मधोमध गंजून तिला सुईच्या अग्राएवढे भोक पडले असावे, असा माझा अंदाज आहे : पातळी भोकाच्या वर असेपर्यंत तेथूनही पेट्रोलच ओढले जाते, खाली गेली की हवा. टाकीतून काढलेले पेट्रोल काचेच्या बरणीत ठेवले, तेव्हा पाण्याचा वेगळा थर दिसला नाही, पण तळाशी तांबूस गाळ बसला, आणि तो या अंदाजाशी जुळतो.

पुढचे काम म्हणून टाकी रिकामी करून उतरवायची आहे. पुण्याच्या नाना पेठेत नळीची चौकशी चालू आहे. ती न मिळाल्यास त्याच मापाची तांब्याची नळी वाकवून, टाकीला आग न दाखवता, बाहेरच, नळी ज्या पट्टीने टाकीवर बसते त्या पट्टीवर चांदीच्या रॉडने जोडून घेण्याचा विचार आहे. टाकीच्या आत लावायच्या सीलंटबद्दल मी अजून साशंक आहे, कारण इथेनॉल न सोसणारा सीलंट पुढे सालपटे होऊन याच नळीच्या तोंडावरची जाळी बुजवतो. सध्या टाकी निम्म्याच्या वर ठेवूनच गाडी चालवत आहे.