वानखेडे बघायचं तर रणजीला जा

डोंबिवलीत राहून इतकी वर्षं झाली, पण वानखेडे मी खऱ्या अर्थानं पाहिलं ते १४ मार्च २०२४ ला. रणजी करंडक या देशांतर्गत स्पर्धेतल्या मुंबई-विदर्भ अंतिम सामन्याचा पाचवा दिवस होता. नागपूरचा मेव्हणा आदल्या रात्रीच घरी उतरला होता. विदर्भाला ५३८ धावांचं लक्ष्य होतं, पाच बळी गेले होते आणि धावफलकावर २४८ लागले होते. तरी हा पठ्ठ्या पहाटे साडेपाचला आंघोळ करून तयार.

दादरला गाडी बदलून आम्ही चर्चगेटची स्लो पकडली. नवख्या माणसानं या प्रवासात उजव्या बाजूची खिडकी धरावी. मरीन लाइन्स सुटलं की रुळांना अगदी खेटून स्टेडियम दिसतं आणि त्याचं पांढरं, कापडी छत डोळ्यांत भरतं. छताला मधे खांब नाहीत, त्यामुळे आत कुठेही बसलं तरी खेळ अडत नाही. चर्चगेटला उतरून पाच-सात मिनिटं चाललं की झालं, टॅक्सी मुळीच करू नका. मध्य रेल्वेनं थेट सीएसएमटीला उतरलात तर आझाद मैदान आणि क्रॉस मैदानाच्या बाजूनं चालत या. वाटेत पांढऱ्या कपड्यांतली पोरं खेळताना दिसतात. मुंबईचं क्रिकेट जिथून येतं ती हीच जागा.

रणजीला सहसा तिकिटाची भानगड नसते, तपासणी करून आत सोडतात. आंतरराष्ट्रीय किंवा आयपीएलच्या सामन्याला मात्र बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक यातलं काहीच नेऊ नका. बाहेर ठेवायला जागा शोधत फिरावं लागतं आणि तोवर नाणेफेक होऊन जाते. तिकिटावरचा गेट नंबर आधीच बघून ठेवा, कारण चुकीच्या बाजूला गेलात तर मोठा वळसा पडतो.

आत शिरल्यावर मेव्हण्यानं पहिलं काय विचारलं असेल? "भाऊजी, हे नाव तं आमच्याच माणसाचं आहे ना?" आहेच. शेषराव वानखेडे मूळ नागपूरकडचे. ते विधानसभेचे अध्यक्ष होते आणि मुंबई क्रिकेट संघटनेचेही. हे स्टेडियम होण्याआधी मुंबईतले कसोटी सामने जवळच्या ब्रेबॉर्नवर व्हायचे. ते मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, १९३७ साली उघडलेलं. तिथल्या तिकिटांच्या वाटपावरून संघटना आणि क्लब यांचं बिनसलं. मग वानखेड्यांनी स्वतःचं मैदान उभारायचं मनावर घेतलं, वास्तुविशारद शशी प्रभूंनी आराखडा केला आणि तेरा-एक महिन्यांत, एवढ्याशा जागेत, काम उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ केल्या. त्या वादाच्या वेळी क्लबच्या बाजूला माजी कसोटीपटू विजय मर्चंट होते, आणि आज वानखेडेवर त्यांच्या नावाचा स्टँड आहे. मला हे फार आवडतं.

आम्ही समुद्राकडे पाठ करून बसलो. ही या लेखातली सगळ्यात कामाची सूचना समजा. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येतं आणि रुळांच्या बाजूला बसलेल्यांच्या थेट तोंडावर पडतं. सकाळी उलट, तेव्हा रुळांची बाजू सावलीत असते. रणजीला गर्दी नसते, मधल्या वेळेत जागा बदलता येते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर खालचा मजला घ्या, वरचे जिने बरेच चढे आहेत. २०११ च्या विश्वचषकासाठी स्टेडियम नव्यानं बांधलं तेव्हा आसनं कमी केली, आता साधारण ३३ हजार आहेत.

सकाळचं सत्र मी विसरणार नाही. विदर्भाचे अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे उपाहारापर्यंत बाद झालेच नाहीत. लाल मातीची खेळपट्टी, पाचवा दिवस, समोर मुंबई, आणि हे दोघं शांतपणे चेंडू सोडत होते. रिकाम्या खुर्च्यांमुळे बॅटचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मुंबईचा कर्णधार अजिंक्य रहाणे स्लिपमधून काय बोलतो तेही थोडंफार कळत होतं. तो आमच्या डोंबिवलीत वाढलेला, लोकलनं धक्के खात सरावाला जाणारा पोरगा. आयपीएलच्या भोंग्यांत यातलं काहीच हाती लागत नाही.

उपाहारानंतर वाडकर शतक करून पायचीत झाला आणि उरलेले सगळे १५ धावांत गेले. सगळे मिळून ३६८. मुंबईचा वेगवान गोलंदाज धवल कुलकर्णीचा तो शेवटचा सामना. रहाणेनं चेंडू त्याच्या हातात दिला आणि त्यानं उमेश यादवचा त्रिफळा उडवला. मुंबईचं ४२ वं विजेतेपद, तेही आठ वर्षांनी. मी उभा राहून ओरडलो. मेव्हणाही उभा होता, वाडकरसाठी टाळ्या वाजवत.

निघताना सचिनचा पुतळा बघून घ्या, नोव्हेंबर २०२३ पासून तो तिथं आहे. त्यानंतर मी पुन्हा गेलो तेव्हा काही नावं बदलली होती. मे २०२५ पासून रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांच्या नावांचे स्टँड झालेत, म्हणून जुना नकाशा बघून तिकीट काढू नका.

ब्रेबॉर्न तिथून चालण्याच्या अंतरावर आहे. तो क्लब असल्यानं सभासदाशिवाय आत सोडत नाहीत, पण त्याच इमारतीतल्या के. रुस्तमकडे दोन बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची वडी मिळते. ती पटकन खा, नाहीतर कोपरापर्यंत ओघळते. आम्ही दोन-दोन खाल्ल्या. संध्याकाळी त्याला विदर्भ एक्सप्रेसला सोडायला सीएसएमटीला गेलो. गाडी हलली तेव्हा तो दारातून म्हणाला, "पुढच्या वेळी फायनल आमच्या नागपूरले, जामठ्याच्या मैदानावर, भाऊजी. तुम्ही या."